श्वासाचा कारभार

अकोले तालुक्यातील बारी गावाच्या मागे उभे असलेले कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रात त्याहून उंच स्थान दुसरे नाही. नवरात्रात देवीच्या दर्शनाला निघालेली माणसे लोखंडी शिड्या चढता चढता मध्येच थांबतात, कमरेवर हात ठेवून धापा टाकतात, आणि वर हवा विरळ असल्यामुळे दम लागतो अशी एकमेकांची समजूत घालतात. ही समजूत सार्वत्रिक असली, तरी शरीरशास्त्राच्या कसोटीला ती पुरती उतरत नाही. शिखरावरील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे ८२ टक्के भरतो हे खरे. पण हवेतील प्राणवायूचा वाटा तेथेही शेकडा २१ च असतो, आणि दाबातील तेवढी घट निरोगी मनुष्याचे रक्त विनातक्रार सोसते. देवळापाशी घटकाभर विसावलेल्या माणसाच्या रक्तातील प्राणवायू मोजला, तर तो मुंबईच्या किनाऱ्यावर बसलेल्या माणसापेक्षा दोन-चार टक्क्यांनीच काय तो उणा आढळेल. मग शिडीवर थांबलेल्या माणसाचा ऊर धपापतो तो कोणाच्या हुकमाने? या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे, तर हवेच्या वाटेने आत उतरून श्वसनेंद्रियांची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

वाट नाकापासून सुरू होते, आणि नाकाची योग्यता आपण फार कमी लेखतो. नाकाच्या पोकळीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वळलेल्या पातळ अस्थींच्या तीन तीन पाळ्या असून त्यांवर रक्ताने भरलेली, सदैव ओलसर अशी श्लेष्मल त्वचा पसरलेली असते. तिच्यावरून वळणे घेत जाणारी हवा घशापर्यंत पोहोचते तोवर उबदार, दमट आणि पुष्कळशी निर्धूळ झालेली असते. पौषातल्या पहाटे नगरच्या पठारावर पारा दहा अंशांखाली उतरतो, वैशाखात तोच चाळिशी ओलांडतो. परंतु फुफ्फुसांच्या अंतर्भागात शिरणारी हवा दोन्ही ऋतूंत सारखीच, म्हणजे सुमारे ३७ अंश उष्णतामानाची आणि बाष्पाने संपृक्त अशी असते. दहा मायक्रॉनहून मोठे धूलिकण बहुतेक येथेच अडकून पडतात. तोंडाने श्वास घेण्याची सवय जडलेला मनुष्य हा सारा बंदोबस्त टाळून कोरडी, गार आणि धुळकट हवा थेट घशात ओढतो, म्हणून मुलांची ही सवय वेळीच मोडण्याकडे आईबापांनी लक्ष द्यावे.

घशात अन्नाचा आणि हवेचा मार्ग एकमेकांना छेदतो, कारण हवेची नळी पुढच्या अंगाला आणि अन्नाची मागच्या अंगाला आहे. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, अधिस्वरद्वार नावाची कूर्चेची झडप त्याच्या तोंडावर कलते आणि तेवढ्या क्षणापुरता श्वास तहकूब होतो. जेवताना बोलण्याहसण्याने हा क्रम चुकला की ठसका लागतो. स्वरयंत्राचे आद्य कर्तव्य हवेचा मार्ग राखण्याचे आहे, वाणी ही त्याच्या ठायी मागाहून आलेली देणगी होय. बोलताना दोन स्वररज्जू एकमेकींजवळ येतात आणि बाहेर पडणाऱ्या उच्छ्वासाने कंप पावतात; गप्प असताना त्या दूर सरून श्वासाला वाट देतात. नगरजवळच्या मेहेराबाद येथे मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धारण केले व ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते पाळले. या दीर्घ काळात त्यांच्या स्वरयंत्राचा तो आद्य व्यापार मात्र प्रत्येक श्वासागणिक आणि प्रत्येक घासागणिक अखंड चालू राहिलेला होता.

स्वरयंत्राखाली दहा-बारा सेंटिमीटर लांबीची श्वासनलिका लागते. तिच्या भिंतीत कूर्चेची सोळा ते वीस कडी असतात, त्यामुळे मान कशीही वळवली तरी ती मिटत नाही. परंतु ही कडी मागच्या बाजूला उघडी असतात, आणि तेथेच चिकटून असलेल्या अन्ननलिकेला मोठा घास उतरताना फुगण्यास जागा मिळते. छातीत शिरल्यावर तिचे श्वसनी नावाचे दोन फाटे होतात. उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि अधिक सरळ उतरता असल्यामुळे लहान मुलाने खेळता खेळता तोंडात टाकलेला शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासमार्गात गेला, तर तो बहुधा उजव्या बाजूस सापडतो. अशा मुलाला आधी जोराची उबळ येते, मग काही काळ ते बरे दिसते आणि घरची माणसे निर्धास्त होतात; पण तो दाणा आत फुगत राहतो आणि काही दिवसांनी फुफ्फुसाला सूज येते. उबळ थांबली म्हणजे संकट टळले असे न समजता मुलाला दवाखान्यात नेलेच पाहिजे.

उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे, हृदयाला जागा द्यावी लागत असल्यामुळे, दोनच. या खंडांत श्वसनींना फाट्यावर फाटे फुटत सुमारे तेवीस पिढ्या होतात, आणि शेवटी प्रत्येक टोकाला पातळ भिंतीच्या वायुकोशांचे घोस लागतात. एका माणसाच्या छातीत असे वायुकोश तीस कोटींहून कमी नाहीत. त्यांचा व्यास जेमतेम पाव मिलिमीटर, पण साऱ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे सत्तर चौरस मीटर क्षेत्र व्यापले जाईल. प्रत्येक कोशाभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे असते, आणि हवा व रक्त यांच्यामध्ये उरणारा पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी याने १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली या केशवाहिन्या प्रथम पाहिल्या, आणि विल्यम हार्वे याने मांडलेल्या रक्ताभिसरणाच्या सिद्धान्तातील एक दुवा, जो स्वतः हार्वेला दिसला नव्हता, तो सापडला.

इतके सूक्ष्म आणि आतून ओले असलेले कोश मिटून का जात नाहीत, हा प्रश्न मला श्वसनशास्त्रातील सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. ओल्या पृष्ठभागाला आकुंचन पावण्याची ओढ असते, आणि बुडबुडा जितका लहान तितकी ही ओढ प्रबळ. या न्यायाने प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वायुकोश एकमेकांना चिकटून जावेत आणि पुढचा श्वास घेताना ते उघडण्यासाठी माणसाला जिवाचे रान करावे लागावे. तसे होत नाही, कारण कोशांच्या भिंतीतील काही पेशी एक स्निग्ध द्रव्य स्रवतात आणि ते पाण्याच्या पृष्ठीय ताणाला आवर घालते. पृष्ठीय ताणाचे हे महत्त्व १९२९ मध्ये कुर्ट फॉन नीरगार्ड याने दाखवून दिले होते, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अपुऱ्या दिवसांच्या, श्वासाच्या कष्टाने दगावलेल्या अर्भकांची फुफ्फुसे तपासली, तेव्हा नेमके हेच द्रव्य त्यांत उणे असल्याचे आढळले. गर्भ आठव्या महिन्याच्या सुमारास हे द्रव्य पुरेशा प्रमाणात तयार करू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कठीण जातो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात पुत्र ऑगस्ट १९६३ मध्ये याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला, आणि त्या काळचे कोणतेही वैभव त्याच्या कामी आले नाही. आज हेच द्रव्य औषध म्हणून बाळाच्या श्वासनलिकेत सोडता येते.

फुफ्फुसाची उपमा लोहाराच्या भात्याशी देण्याचा प्रघात जुना आहे. भाता आपणहून हलत नाही, त्याला ओढणारा हात बाहेरचा असतो, एवढे ध्यानात ठेवले तर ती उपमा चालण्यासारखी आहे. फुफ्फुसाला स्वतः प्रसरण पावण्याचे सामर्थ्य नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाकार ताणलेले श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्यांमधील स्नायू बरगड्यांना वर आणि बाहेर उचलतात, छातीची पोकळी वाढते आणि आतील दाब बाहेरच्या दाबाहून किंचित कमी झाल्यामुळे हवा आपोआप आत शिरते. फुफ्फुसावरणाच्या दोन थरांमध्ये द्रवाचा पातळ पापुद्रा असून त्यांच्या मधल्या उण्या दाबामुळे फुफ्फुस छातीच्या भिंतीला धरून राहते. छातीला भोसकल्याची जखम होऊन तेथे हवा शिरली, तर ती पकड सुटते आणि फुफ्फुस अंग चोरून आक्रसते. शांत अवस्थेत उच्छ्वासाला तर कोणताच स्नायू लागत नाही. ताणलेले फुफ्फुस आपल्या लवचिकपणाने पूर्ववत होते, एवढेच.

एका स्वस्थ श्वासात सुमारे पाचशे मिलिलिटर हवा आत येते, आणि तीपैकी जवळजवळ दीडशे मिलिलिटर नाक, घसा व नळ्या यांतच राहून काही कामास न येता परतते. म्हणूनच उथळ आणि भराभर श्वास घेणारा मनुष्य कष्ट पुष्कळ करतो आणि त्याच्या पदरी लाभ थोडा पडतो. थोडे सावकाश आणि खोल घेतलेले श्वास वायुकोशांपर्यंत अधिक ताजी हवा पोहोचवतात. कितीही जोराने उच्छ्वास सोडला तरी एक-सव्वा लिटर हवा फुफ्फुसात शिल्लक राहतेच, आणि ही शिल्लक असते म्हणून दोन श्वासांच्या मधल्या काळात रक्ताला प्राणवायूची तूट येत नाही.

वायुकोशात जी देवघेव होते तिला कोणतीही शक्ती खर्ची पडत नाही. प्राणवायूचा दाब कोशात अधिक आणि तेथे आलेल्या निळसर रक्तात कमी, कार्बन डायऑक्साइडचा याच्या उलट. त्यामुळे दोन्ही वायू आपापल्या उताराने पडद्यापार जातात, आणि लाल पेशीला त्या केशवाहिनीतून जाण्यास लागणारा पाऊण सेकंद या कामाला पुरून उरतो. आत घेतलेल्या हवेत २१ टक्के असलेला प्राणवायू उच्छ्वासात सुमारे १६ टक्के उरतो. रक्तात आल्यावर तो लाल पेशींतील हिमोग्लोबिनला जोडला जातो, आणि येथेच कळसूबाईच्या कोड्याचा पहिला उलगडा होतो. हिमोग्लोबिनचा स्वभाव असा आहे की प्राणवायूचा दाब बराच खाली आला तरी ते आपला भार फारसा कमी करीत नाही. मात्र दाब एका मर्यादेखाली गेला की ते तो झपाट्याने सोडू लागते. २०२०-२१ च्या साथीत घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आणि ९५ हा आकडा आबालवृद्धांच्या तोंडी बसला. तो आकडा नव्वदीखाली उतरताच डॉक्टरांची धावपळ का होई, याचे कारण हाच उतरणीचा कडा होय.

आता हुकूम कोणाचा ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छात श्वसनाचे केंद्र आहे, आणि मिनिटाला बारा ते सोळा वेळा तेथून निघालेली आज्ञा मानेतील मज्जातंतूंच्या वाटेने श्वासपटलाला पोहोचते. इंग्लंडमधील जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले की, या केंद्राचे लक्ष मुख्यतः प्राणवायूकडे नसून कार्बन डायऑक्साइडकडे असते. हा वायू रक्तात विरघळून आम्ल बनवतो, मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता तसूभर वाढली की केंद्राला वर्दी लागते आणि श्वास वाढतो. प्राणवायूवर नजर ठेवणारे सूक्ष्म पिंड मानेतील धमन्यांपाशी आहेत खरे, पण ते जोराने जागे होतात ते दाब बराच घटल्यावर, साधारण तीन हजार मीटरांच्या उंचीवर. कळसूबाई तेथपर्यंत पोहोचत नाही. शिडी चढणाऱ्या माणसाच्या मांड्या विश्रांतीच्या कित्येक पट कार्बन डायऑक्साइड तयार करीत असतात. पाऊल उचलण्याची आज्ञा देतानाच मेंदू श्वसनकेंद्रालाही इशारा देतो, सांधे आणि स्नायू त्यात आपली भर घालतात, आणि चढ फारच खडा झाला की स्नायूंतील लॅक्टिक आम्लही रक्तात उतरू लागते. मग एरवी मिनिटाला सहा-सात लिटर हवा हलवणारी छाती पन्नास-साठ लिटर हलवू लागते. दम लागतो तो मुख्यतः हा वाढलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी. सरावाने पायांचे स्नायू कार्यक्षम झाले की तोच डोंगर, तीच हवा असताना दम कमी लागतो. आजूबाजूच्या वाड्यांतील महादेव कोळी स्त्रिया डोक्यावर मोळी घेऊन तीच चढण बोलत बोलत चढतात, याचे रहस्य येथेच आहे.

हृदयाची गती आपण इच्छेने थांबवू शकत नाही. श्वास मात्र काही काळ आपल्या स्वाधीन असतो. देहाच्या जीवनावश्यक व्यापारांत अशी मुभा क्वचितच आढळते, आणि भारतीय योगशास्त्राने तिचा जितका बारकाईने विचार केला तितका अन्य कोठे झाल्याचे मला ठाऊक नाही. कळसूबाईच्याच नगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर जी टीका सांगितली तिच्या सहाव्या अध्यायात प्राण आणि अपान यांच्या निरोधाचे सविस्तर निरूपण आहे. त्यातील सूक्ष्म शरीराची परिभाषा शरीरशास्त्राच्या परिभाषेत उतरवण्याचा अट्टाहास मी करणार नाही, कारण दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. पण मराठी भाषा इतक्या प्राचीन काळी श्वासाच्या विषयाला हात घालण्याइतकी समर्थ झाली होती, याचा मला अभिमान वाटतो.

या मुभेला मर्यादाही आहे, आणि ती खेड्यापाड्यांतील पोहणाऱ्या मुलांना कोणी तरी समजावून सांगितली पाहिजे. विहिरीत बुडी मारण्याच्या पैजा लावताना मुले आधी भराभर पुष्कळ श्वास घेतात. त्याने रक्तात प्राणवायूची फारशी भर पडत नाही, कारण रक्त आधीच भरलेले असते, मात्र कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा कमी होतो. आता वर येण्याची सूचना देणारा वायूच उणा असल्याने पाण्याखाली गुदमरल्याची जाणीव होत नाही, इकडे प्राणवायू संपत जातो, आणि मुलगा काहीही न कळता बेशुद्ध होतो. पट्टीचा पोहणारा विहिरीत कसा बुडाला याचा उलगडा न होणाऱ्या प्रसंगांमागे पुष्कळदा हे कारण असू शकते. बुडीआधी असे श्वास कधीही घेऊ नयेत.

श्वास आत येण्यास अडचण नसताना तो बाहेर पडू नये, ही दम्याची व्यथा. बारीक श्वसनिकांच्या भिंतीतील स्नायू आवळतात, आतील त्वचा सुजते, चिकट कफ साचतो. श्वास घेताना छाती फुलल्यामुळे या नळ्या थोड्या उघडतात, पण उच्छ्वासात त्या मिटू पाहतात आणि हवा आतच कोंडली जाते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा नेहरू, पटेल, आझाद, शंकरराव देव यांच्यासमवेत आचार्य नरेंद्र देव हेही तेथे होते, आणि दम्याने त्यांना आयुष्यभर जेरीस आणलेले होते. त्या काळी अ‍ॅड्रिनलिनची सुई, एफेड्रिन यांसारखे मोजकेच उपाय हाताशी असत, आणि त्यांनी छातीची धडधड वाढे. तशा प्रकृतीत या विद्वानाने कारावासातही बौद्ध तत्त्वज्ञानाचे आपले व्यासंगी कार्य सोडले नाही, आणि नेहरूंनी त्याच किल्ल्यात लिहिलेल्या आपल्या भारतविषयक ग्रंथाच्या आरंभी ज्या सहबंद्यांचे ऋण मानले त्यांत त्यांचे नाव आहे. नरेंद्र देव १९ फेब्रुवारी १९५६ रोजी निवर्तले. दाब देताच औषधाची नेमकी मात्रा फवारणारी श्वासयंत्रिका त्याच वर्षी अमेरिकेत प्रथम विक्रीस आली. आज दम्याच्या रोग्याला औषध रक्तातून सर्वांगाला न देता थेट श्वसनिकांना पोहोचवता येते, आणि तरीही पंप लावला म्हणजे रोग हाताबाहेर गेला अशा भ्रमाने माणसे तो दूर सारतात, याचे मला अत्यंत वाईट वाटते. पंप हाच त्यातील सौम्य उपाय आहे.

नाकातून निसटलेल्या धुळीचा समाचार घेण्यास श्वासनलिकेत सूक्ष्म रोमके तैनात असतात. ती एका लयीत हलून कफाचा थर मिनिटाला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने घशाकडे सारतात. तंबाखूचा धूर या रोमकांना बधिर करतो, म्हणून विडी ओढणाऱ्याला सकाळी खोकून छाती मोकळी करावी लागते. विडीचे टेंभुर्णीचे पान पटकन विझते, ती पेटती ठेवण्यास पुनःपुन्हा झुरके घ्यावे लागतात, आणि त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. संगमनेर हे विड्यांचे नावाजलेले केंद्र. तेथे आणि नगर शहरात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या स्त्रियांनी जन्मात झुरका घेतलेला नसला, तरी तंबाखूची भुकटी त्यांच्या श्वासात जातेच.

एक ते पाच मायक्रॉनचे कण मात्र रोमकांनाही चुकवून वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि या जिल्ह्याच्या मुख्य उद्योगाशी त्यांचा संबंध आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे जिल्हाभर धुराडी उभी झाली. उसाचा रस काढल्यावर उरणारा ताजा बगॅस निरुपद्रवी असतो. पण त्याचे ओलसर ढीग साठून राहिले की ते आतून तापतात, आणि त्या उष्णतेत वाढणारे काही सूक्ष्म जीव आपल्या बीजाणूंची पूड त्यात मिसळतात. वाळलेला ढीग फोडणाऱ्या कामगाराला चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा घरी गेल्यावर, थंडीताप भरतो, कोरडा खोकला येतो आणि दम लागतो. कामाची वेळ आणि दुखण्याची वेळ यांत अंतर पडल्याने दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि फ्लू किंवा क्षय समजून औषधे चालू राहतात. बीजाणू येथे जंतुसंसर्ग करीत नाहीत. शरीराचा त्यांच्याविरुद्धचा क्षोभच वायुकोशांच्या भिंती सुजवतो. काम लवकर बदलले तर सूज ओसरते. धूळ वर्षानुवर्षे आत जात राहिली तर तो एका मायक्रॉनहून पातळ पडदा तंतूंनी जाड होतो आणि मग तो पूर्ववत होत नाही. ढिगावर पाणी किंवा प्रोपिऑनिक आम्ल फवारणे, तो यंत्राने हलवणे, कामगाराला योग्य मुखपट्टी देणे, हे उपाय माहीत आहेत आणि खर्चाचे नाहीत. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत "तू धंदा काय करतोस?" या प्रश्नाची भर घालावी असे वैद्यांना सांगितले. गळीत हंगामात खोकला घेऊन आलेल्या माणसाला तो प्रश्न दवाखान्यात कोणी विचारला नाही, तर आपण बगॅसच्या ढिगावर काम करतो हे त्याने आपणहून सांगावे.